रोटरी इंजिनाची पुनर्बांधणी: कोणता सील ठेवायचा, कोणती स्प्रिंग टाकायची

माझदा या जपानी कंपनीचे १३बी हे दोन रोटरचे इंजिन (यात पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरतात) पूर्ण उघडले की टेबलावर ३८ सील आणि ४४ स्प्रिंगा गोळा होतात, आणि नवख्या माणसाला त्यांतील बहुतेक तुकडे एकाच साच्यातून पडल्यासारखे दिसतात. प्रत्यक्षात वर्षानुवर्षे एकाच खाचेत घासला गेलेला सील त्या खाचेचाच झालेला असतो. तोच सील शेजारच्या खाचेत घातला तर माप बरोबर असूनही दाब धरीलच असे नाही. त्यामुळे सील सुटा हातात घेऊन तो चांगला की वाईट हे ठरवता येत नाही, तो ज्या जागेवरून निघाला त्या जागेत ठेवूनच ते ठरवावे लागते. पुढील सर्व पायऱ्या या एका गोष्टीभोवती फिरतात.

मी टूलरूममधला माणूस आहे. वाळूज औद्योगिक वसाहतीत अनेक वर्षे डाय आणि फिक्श्चरची कामे केल्यावर छत्रपती संभाजीनगरलाच लहानशी शेड टाकली आणि अभियांत्रिकीच्या मुलांनी प्रकल्पासाठी मुंबईहून आणलेले जुने १३बी इंजिन तिथे पहिल्यांदा उघडले. मराठवाड्यात ट्रॅक्टर, डिझेल इंजिन आणि बोअरची मोटार उघडणारे हात गावोगावी आहेत, रोटरी इंजिन पाहिलेला माणूस मात्र शोधावा लागतो. तरीही हे यंत्र आपल्यापासून फार दूरचे नाही. शेजारच्या अहिल्यानगर येथील व्हीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने बंगळूरूच्या एनएएल आणि एडीई या विमान संशोधन संस्थांसोबत ५५ अश्वशक्तीचे व्हँकेल (म्हणजे रोटरीच) इंजिन विकसित केले होते, आणि २००९ मध्ये कर्नाटकातील कोलार येथे ते बसवलेले ‘निशांत’ हे मानवरहित विमान उडालेही.

पहिली पायरी: तुकडे ओळखणे

रोटर म्हणजे फुगीर बाजूंचा त्रिकोण. त्याच्या तीन टोकांवर, रोटरच्या जाडीइतक्या लांबीच्या ज्या सरळ पट्ट्या बसतात त्या एपेक्स सील होत. पिस्टन इंजिनातील कॉम्प्रेशन रिंगचे काम येथे मुख्यतः त्या करतात. त्यांच्या एका टोकाला लहान त्रिकोणी तुकडा वेगळा असतो, आणि काही संचांत सील दोनऐवजी तीन तुकड्यांचा असतो. हा त्रिकोणी तुकडा नखाएवढा असल्यामुळे चिंध्यांत आणि कचऱ्यात हमखास हरवतो. रोटरच्या दोन्ही सपाट बाजूंना, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणाऱ्या कमानीसारख्या बारीक पट्ट्या म्हणजे साइड सील. एपेक्स आणि साइड सील जिथे भेटतात तिथे गोल खुंटीच्या आकाराचा, मधोमध चीर असलेला कॉर्नर सील बसतो. त्याच सपाट बाजूंना, मध्याकडे, एकात एक अशा दोन मोठ्या कड्या असतात. त्या ऑइल सील. एका रोटरला ३ एपेक्स, ६ साइड, ६ कॉर्नर आणि ४ ऑइल सील असा हिशेब आहे, आणि दोन रोटरचे मिळून ३८ होतात.

स्प्रिंगा आकारावरून ओळखता येतात. एपेक्स सीलखाली लांब आणि आखूड अशा दोन वाकलेल्या पट्ट्या असतात. साइड सीलखालची स्प्रिंग केसासारखी बारीक आणि कमानदार, कॉर्नर सीलखालची लहान आणि गोल, तर ऑइल सीलखालची मोठ्या कडीच्या आकाराची आणि लाटांसारखी वर-खाली गेलेली असते. या शेवटच्या स्प्रिंगेवर रंगाचा ठिपका किंवा पट्टा असतो. रोटरच्या पुढच्या बाजूची आणि मागच्या बाजूची स्प्रिंग वेगळी असल्याची ती खूण आहे. डिझेलने धुताना ती पुसली जाण्याआधी कोणता रंग कोणत्या बाजूचा हे वहीत लिहून ठेवावे.

नवीन माल मागवण्याआधी एपेक्स सीलची जाडी स्वतः मोजावी. १९८६ च्या आधीच्या १३बी इंजिनांत ती ३ मिमी असते आणि नंतरच्या इंजिनांत २ मिमी. एका व्यापाऱ्याने केवळ ‘१३बी’ एवढे ऐकून मला जाड सीलचा संच पाठवला होता आणि तो परत करण्यात पावसाळा संपला. माझदाच्याच आरएक्स-८ या गाडीचे सीलही २ मिमी जाडीचेच असले तरी त्यांची उंची कमी असते, त्यामुळे केवळ जाडी जुळली म्हणून निश्चिंत होऊ नये.

दुसरी पायरी: उघडताना खुणा करणे

रोटरला एक आणि दोन असे क्रमांक द्यावेत, टोकांना क, ख, ग म्हणावे, आणि ज्या बाजूला आतल्या दातांचे चक्र आहे त्या बाजूला ‘द’, तर दुसऱ्या बाजूला ‘स’ हे अक्षर द्यावे. मग ‘२-ख-द’ म्हणजे दुसऱ्या रोटरच्या ख टोकावरील दात्यांच्या बाजूचा कॉर्नर सील, आणि ‘२-कख-द’ म्हणजे त्याच बाजूला क आणि ख यांच्यामध्ये बसणारा साइड सील. खुणा रोटरच्या फुगीर भागावर मार्करने कराव्यात. सीलच्या अंगावर पंच मारू नये, कारण पंचाने उठलेला बारीकसा फुगवटा खाचेत अडकतो.

कॉर्नर सील ठेवण्यासाठी बारा खळग्यांचे अप्पेपात्र याहून सोयीचे साधन मला सापडलेले नाही: सील बारा, खळगे बारा, आणि प्रत्येक सीलखाली त्याची स्प्रिंग राहते. ते बाजारातून नवीन घ्यावे. घरातले नेले तर ते परत स्वयंपाकघरात येऊ दिले जात नाही. साइड सील आणि त्यांच्या स्प्रिंगांसाठी जुन्या लग्नपत्रिकांची जाड पाकिटे उत्तम, कारण वर लिहिता येते आणि लांब पट्टी न वाकता आत मावते. एपेक्स सीलसाठी लाकडी फळीवर करवतीने सहा खाचा पाडल्या की काम होते.

ही शिस्त मी चूक करूनच शिकलो. पहिल्या इंजिनाच्या वेळी बाराही साइड सील मी एकाच स्टीलच्या घमेल्यात भिजत घातले, आणि दुसऱ्या दिवशी ते बाहेर काढल्यावर कोणता कुठला हे सांगता येईना. मग प्रत्येक सील प्रत्येक खाचेत घालून फट मोजायची, असे १४४ वेळा करावे लागले. दोन दिवसांनी दहा सीलना त्यांची घरे सापडली, दोन उरले. ते दोन मी ‘जवळपास बसतात’ म्हणून घातले. इंजिन थंड असताना चालू होई, पण गरम झाल्यावर बंद केले की पुन्हा सुरू होताना बॅटरी संपायची वेळ येई. ते परत उघडले तेव्हा त्याच दोन सीलच्या टोकांशी फट जास्त निघाली.

तिसरी पायरी: कार्बन काढणे

सील खाचेत चिकटलेला असेल तर पकडीने ओढू नये. भेगांत डिझेल किंवा कार्बन विरघळवणारे द्रव सोडून रात्रभर ठेवावे आणि सकाळी लाकडी काडीने बाजूने ढकलून पाहावे. हल्ली रॉकेल सहजासहजी मिळत नाही, आणि डिझेलने ते काम बऱ्यापैकी होते. खाच साफ करण्यासाठी मोडलेल्या जुन्या साइड सीलचा तुकडा घासून खरवडणीसारखा वापरावा. तो खाचेच्या रुंदीचाच असल्यामुळे कार्बन निघतो आणि कडा शाबूत राहतात. ऑइल सीलच्या ओठावर, म्हणजे टेकणाऱ्या कडेवर, पॉलिश पेपर कधीही लावू नये. कॉस्टिक सोड्याच्या गरम टाकीत लोखंडी भाग धुण्याची पद्धत आपल्याकडच्या गॅरेजांत आहे, पण रोटर हाउसिंग, म्हणजे रोटर ज्यात फिरतो ते कवच, अॅल्युमिनियमचे असते आणि कॉस्टिक त्याला खाऊन टाकते, म्हणून ते टाकीत मुळीच टाकू नये.

उन्हाळ्यात हे काम शेडचे दार लावून करावे. काळ्या मातीची धूळ ओल्या सीलवर बसली की ती पुसली तरी ओरखडा ठेवून जाते.

चौथी पायरी: सील मोजणे

येथे दिलेली मापे २ मिमी एपेक्स सील असलेल्या, १९८६ नंतरच्या १३बी इंजिनाची आहेत. १२ए हे माझदाचे दुसरे रोटरी इंजिन, जुने १३बी आणि आरएक्स-८ यांच्यासाठी त्यांचे स्वतःचे सर्व्हिस मॅन्युअल पाहावे. हाताशी मायक्रोमीटर, व्हर्नियर, फीलर गेज आणि काच व्यापाऱ्याकडून घेतलेला जाड काचेचा तुकडा असावा.

एपेक्स सीलची उंची नवीन असताना ८.० मिमी असते आणि ६.५ मिमी ही शेवटची मर्यादा आहे. उंची दोन्ही टोकांना आणि मध्यभागी अशी तीन ठिकाणी मोजावी, कारण सील सगळीकडे सारखा झिजतोच असे नाही. मर्यादेच्या अगदी काठावर असलेला सील कागदावर चालतो, पण इतक्या मेहनतीने बांधलेल्या इंजिनात मी तो ठेवत नाही. ७ मिमीच्या खाली गेला की नवीन घेतो. हा माझा नियम आहे, मॅन्युअलचा नाही. त्यानंतर वाकडेपणा पाहावा. दोन सीलची माथी एकमेकांना भिडवून उजेडाकडे धरावीत आणि फीलर गेजची ०.०६ मिमीची पट्टी त्यांच्यामधून जाते का ते पाहावे. जात असेल तर त्यांपैकी एक तरी वाकलेला आहे, आणि तो कोणता हे तिसऱ्या सीलशी लावून कळते. मग सील त्याच्याच खाचेत ठेवून बाजूची फट तळापर्यंत मोजावी. ०.०६२ ते ०.१०२ मिमी ही नव्याची फट, आणि ०.१५ मिमी ही मर्यादा. नवीन सील घालूनही फट मर्यादेबाहेर येत असेल तर दोष रोटरच्या खाचेचा आहे, आणि अशा वेळी सीलवर केलेला खर्च वाया जातो.

सील उलटा करून त्याची खालची कड अवश्य पाहावी. नवखे लोक वरचा चकचकीत माथा न्याहाळतात आणि खाली स्प्रिंगेने पाडलेले खड्डे त्यांच्या नजरेतून सुटतात. नख अडकण्याइतका खड्डा असेल तर स्प्रिंग तिथे रुतते आणि सील तिरका उचलला जातो. असा सील उंचीत बसत असला तरी टाकून द्यावा. माथ्यावर किंवा टोकाला टवका उडालेला दिसला तर विचार न करता टाकून द्यावा, आणि त्या टोकाचे हाउसिंगही बारकाईने तपासावे.

साइड सीलची खरी परीक्षा त्याच्या टोकाशी होते. रोटर आडवा ठेवून कॉर्नर सील त्याच्या भोकात आणि साइड सील त्याच्या खाचेत बसवावा, साइड सील बोटाने सरकवून एका कॉर्नर सीलला टेकवावा, आणि दुसऱ्या टोकाशी राहिलेली फट मोजावी. नवीन जुळवणीत ती ०.०५ ते ०.१५ मिमी असते आणि ०.४० मिमी ही मर्यादा आहे. जुना सील मर्यादेत असेल तर त्याला हात न लावता त्याच्याच पाकिटात परत ठेवावा. नवीन सील किंचित लांब येतो आणि त्याचे टोक घासून फट आणावी लागते. घासताना दोन-तीन फेऱ्यांनंतर पुन्हा लावून पाहावे. येथे घाई करणारा माणूस सील आखूड करून बसतो, आणि आखूड झालेल्या सीलला उपाय नाही. खाचेतील बाजूची फट ०.१० मिमीपेक्षा जास्त नसावी.

कॉर्नर सील भोकात बोटाने फिरला पाहिजे, पण खडखडला नाही पाहिजे. त्याची चीर एपेक्स सीलच्या घर्षणाने रुंदावलेली असेल तर तो बदलावा. काही कॉर्नर सीलच्या पोटात रबरी गुडदी असते. ती कडक होऊन तडकली असेल तर सीलही संपला असे समजावे.

ऑइल सीलच्या ओठावर झिजून चमकणारी पट्टी दिसते. तिची रुंदी ०.५ मिमीपेक्षा जास्त झाली की तो सील तेल पुसत नाही, त्यावरून घसरतो, आणि सायलेन्सरमधून निळा धूर येऊ लागतो. ही रुंदी व्हर्नियरपेक्षा खुणा असलेल्या भिंगाने नीट मोजता येते. ओठावर आडवा ओरखडा असेल तर रुंदी कितीही कमी असली तरी सील ठेवू नये.

पाचवी पायरी: स्प्रिंगा

स्प्रिंगेच्या बाबतीत मी सीलपेक्षा जास्त कठोर आहे. इंजिन वेगात असताना एपेक्स सीलला हाउसिंगवर दाबून धरण्याचे मोठे काम त्याच्या मागे शिरलेला वायूचा दाब आणि केंद्रोत्सारी बल करतात. स्प्रिंगेची खरी गरज स्टार्टर फिरत असताना असते, जेव्हा वेगही नाही आणि दाबही नाही. म्हणूनच दबून सैल पडलेल्या स्प्रिंगांचे इंजिन रस्त्यावर ठीक वाटते आणि सकाळी सुरू होताना छळते, आणि मालक बॅटरी, प्लग आणि कॉइल बदलत राहतो.

मोकळी स्प्रिंग काचेवर ठेवून तिच्या कमानीची उंची मोजावी. एपेक्सची लांब स्प्रिंग ४.६ मिमीपेक्षा आणि आखूड स्प्रिंग १.७ मिमीपेक्षा खाली गेली असेल तर ती बदलावी. मोजणे झाल्यावर सहाही लांब स्प्रिंगा काचेवर ओळीने मांडाव्यात आणि डोळे टेबलाच्या पातळीवर आणून पाहावे. पाच कमानी एका उंचीवर आणि एक खाली दिसली, तर ती एक मापात असूनही जिवंत नाही. निळसर किंवा जांभळट डाग असलेली स्प्रिंग तापून मऊ पडलेली असते. टोकाला जिथे ती खाचेवर घासते तिथे पातळ झालेली चकाकी दिसली तर ती लवकरच तुटेल, आणि तुटलेला तुकडा एक्झॉस्टच्या वाटेने बाहेर पडण्याआधी हाउसिंगवर रेघ ओढून जातो.

साइड आणि कॉर्नर सीलच्या स्प्रिंगा सीलसह त्यांच्या जागी बसवून तपासाव्यात. दोन्ही सील रोटरच्या पृष्ठभागाच्या वर ०.५ मिमीपेक्षा जास्त उचललेले राहिले पाहिजेत, आणि बोटाने दाबून सोडल्यावर न अडखळता वर आले पाहिजेत. ऑइल सीललाही हेच माप लागू आहे. ऑइल सीलच्या स्प्रिंगा सहसा टिकतात आणि परत वापरता येतात, मात्र रंगाप्रमाणे ज्या बाजूच्या त्याच बाजूला बसवाव्यात. एपेक्सच्या स्प्रिंगा मात्र मापात असल्या तरी मी पूर्ण संचच बदलतो, कारण त्यांच्यासाठी इंजिन दुसऱ्यांदा उघडण्याची मजुरी संचाच्या किमतीपेक्षा जास्त पडते.

रबर परत वापरायचे नाही. ऑइल सीलच्या आतल्या रबरी रिंगा आणि हाउसिंगमधल्या पाण्याच्या रिंगा कितीही मऊ लागल्या तरी नवीन घालाव्यात. आपल्याकडे अनेक ठिकाणी रेडिएटरमध्ये बोअरचे क्षारयुक्त पाणी भरलेले आढळते. त्याने रिंगेच्या खाचेत पांढरा थर साचतो आणि लोखंडी प्लेटच्या कडेला गंज चढतो. हा थर काढल्याशिवाय नवी रिंगही बसत नाही. पुढे कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळावे.

सहावी पायरी: सील ज्यावर चालतो तो पृष्ठभाग

रोटर हाउसिंगच्या आतल्या क्रोमवर नख फिरवावे. कडेला क्रोमचे पापुद्रे सुटलेले असतील किंवा नख अडकत असेल, तर चांगले सील त्यात घालून उपयोग नाही. लाटांसारखे काळपट आडवे पट्टे दिसणे म्हणजे सील थरथरत चालल्याची खूण. माझदाच्या अभियंत्यांनी १९६० च्या दशकात या ओरखड्यांना सैतानाच्या नखांच्या खुणा असे नाव दिले होते, आणि १९६७ च्या कॉस्मो स्पोर्ट या गाडीत अॅल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनचे एपेक्स सील वापरून त्यांनी त्यावर मात केली. बाजूच्या प्लेटवर साइड सीलने पाडलेली पायरी डायल गेजने मोजावी, ती ०.१० मिमीपेक्षा खोल असेल तर प्लेट दुरुस्त करावी किंवा बदलावी.

सातवी पायरी: बसवणे आणि ऐकणे

सील जागेवर धरून ठेवण्यासाठी साधे व्हॅसलीन वापरावे. ते इंजिन गरम होताच वितळून जाते. ग्रीस टाळावे. साइड आणि कॉर्नर सील स्प्रिंगांसह रोटरवर बसवून रोटर प्लेटवर हळूच उतरवावा, हाउसिंग खाली सोडावे, आणि एपेक्स सीलच्या स्प्रिंगा त्यानंतर वरून सरकवून शेवटी त्रिकोणी तुकडे ठेवावेत. पुढची प्लेट ठेवण्याआधी प्रत्येक सील बोटाने एकदा दाबून पाहावा. अप्पेपात्रात, पाकिटांत किंवा फळीवर काही उरले असेल तर पुढे जाऊ नये.

बोल्ट पूर्ण आवळल्यावर प्लग काढून ठेवावेत आणि शाफ्ट हाताने फिरवावी. शाफ्टचे तीन फेरे होतात तेव्हा रोटरचा एक होतो, म्हणून प्रत्येक रोटरमधून शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला एक ‘फुस्स’ ऐकू येते आणि तीन फेऱ्यांत तिन्ही बाजू बोलून जातात. शेडमधला पंखा बंद करून, कान प्लगच्या भोकाजवळ नेऊन हे तिन्ही आवाज तोलावेत. दोन भरदार आणि एक दबका आला तर तो कोणत्या टोकांमधला हे खुणांवरून शोधता येते, आणि इंजिन गाडीत चढण्याआधीच उघडता येते. मग स्टार्टरवर मिनिटाला २५० फेऱ्यांना कॉम्प्रेशन मोजावे, ६.० किलो प्रति चौरस सेंटिमीटर ही किमान मर्यादा आहे. नव्याने बसवलेले सील पहिले काही तास कमी आकडा दाखवतात, त्यामुळे आकडा थोडा खाली असला पण तिन्ही बाजू सारख्या असल्या तर इंजिन चालवून पुन्हा मोजावे. पहिल्या टाकीत पेट्रोलमध्ये थोडे टू-स्ट्रोक तेल मिसळावे आणि मार्करने लिहिलेल्या खुणांची वही पुढच्या वेळेसाठी जपून ठेवावी.